दाखवलेला साप चालत नाही

क्षमा मागणं ही माणसाला सर्वांत जड जाणारी गोष्ट आहे, असं सगळे धर्म एकमुखानं सांगतात. अहंकार आडवा येतो, जीभ रेटत नाही, मान खाली जात नाही. आमच्या घरमालकांच्या बाबतीत यातलं काहीच आडवं येत नव्हतं. माफी त्यांच्या जिभेवर तयार होती आणि हात तर बहुतेक वेळा जोडलेलेच असत. अडचण एवढीच होती की ज्याची माफी मागायची तो साप होता, आणि तो भेटत नव्हता.

मी तेव्हा कळंबला त्यांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो आणि जवळच्या कॉलेजात मराठी शिकवत होतो. खाली दुकान. ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप, पाण्याच्या मोटारी, ताडपत्र्या, दोरखंड. शेतीला लागणारं सगळं, फक्त औषध नाही. "मारायची वस्तू पुढच्या दुकानात," असं ते इतक्या आदबीनं सांगत की पुढच्या दुकानाची निम्मी जाहिरात तेच करतात असं गावात म्हणत. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आले. ते स्वतः इथंच जन्मले, इथल्याच शाळेत शिकले आणि मराठी माझ्यापेक्षा सोपं बोलत. मारवाडी ते फक्त बायकोशी बोलायचे, तेही भाजीत मीठ कमी पडलं तर. गाव त्यांना शेठ म्हणायचं, मीही म्हणायचो. त्यांच्या पत्नीला मी भाभी म्हणायचो.

सापाचं प्रकरण त्यांनी मला सांगितलं ते भाडं द्यायला खाली उतरलो तेव्हा, कसलीही प्रस्तावना न करता. ते शाळकरी वयाचे असताना गोडाऊनमध्ये नाग निघाला. वडील हमालांना म्हणाले, "बाहेर काढा." हमालांनी या दोन शब्दांचा स्वतःला सोयीचा अर्थ घेतला. त्या वर्षी संवत्सरीला वडिलांनी जैन रिवाजाप्रमाणे 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून सर्व जीवांची क्षमा मागितली आणि त्यात नागही आला असं धरलं. शेठनी तसं धरलं नाही.

"सर, सगळ्या जीवांची एकदम मागितली म्हणजे घाऊक झाली," ते म्हणाले. "हे प्रकरण किरकोळीतलं आहे. समोर उभं राहून मिटवायचं."

"पण तो नाग तर गेला."

"त्याच्या माणसांपैकी कुणीही चालेल. नागच पाहिजे असं नाही. मी काय दाखला मागणार आहे का?"

यात अशक्य काही नव्हतं. आंबेगाव आणि जुन्नर, आमच्या या दोन्ही तालुक्यांत साप काय कमी आहेत? दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एखादा पाहूनच येई. "सकाळी मोटार चालू कराया गेलो तर पेटीवरच बसल्यालं," असं कुणी म्हणालं की शेठ नळी मोजता मोजता थांबत.

"काय म्हणाला?"

"कोन?"

"तो."

"तो काय म्हननार शेठ? मीच बोंबललो."

शेठ ज्या नजरेनं त्या माणसाकडे पाहत, तशी नजर मी परदेशी जाऊन आलेल्यांकडे पाहणाऱ्या प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

मी सुरुवातीला उत्साहानं उपाय सुचवले. पुण्यात पिंजऱ्यातले साप बघायला मिळतात, म्हटलं. "तुरुंगात जाऊन माफी मागायची?" सर्पमित्रांनी पकडलेला बघा, म्हटलं. "पिशवीतला माफ करेल नाही तर काय करेल? त्याला सुटायचं असतं. ही जबरदस्तीची सही झाली." मग मी म्हटलं, कुणाला दिसला की तो लगेच तुम्हाला दाखवेल. यावर ते नळीचं वेटोळं गुंडाळत राहिले. मला वाटलं, पटलं.

"दाखवलेला चालत नाही," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही 'तो बघा' म्हणणार, तो पळणार, आणि मी त्याच्या शेपटीची माफी मागणार. त्यानं आपणहून समोर यावं आणि मी आपणहून बघावं. मधे दलाल नको."

चाळीसेक वर्षं बाजारपेठेत काढलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य ऐकून मी उपाय सुचवणं बंद केलं.

शेठ फिरायला जात ते फक्त दिवसा. सूर्यास्ताच्या आत जेवण, त्यानंतर घराबाहेर पाऊल नाही, हा त्यांचा जुना नेम. साप बहुतांशी रात्री फिरतात. पावसाळ्यात दिवसाही दिसतात. पण चातुर्मासात हिरव्यावर पाय द्यायचा नाही हाही नेम, त्यामुळं ते चार महिने शेठ डांबरी सडकेवरून फिरत. सडकेवर त्यांना साप भेटले, पण ते पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांना आधी भेटलेले असत. कार्तिकी पौर्णिमेला शेठ व्रतातून मोकळे होत आणि रानाकडे निघत. त्याच सुमारास थंडी पडते आणि साप बिळात जातात. दगड उलटून बघावा, तर दगडाखाली कुणाचा संसार असेल तो मोडतो. आणि रानातून चालताना किड्यामुंग्यांना आधी कळावं, त्यांनी बाजूला व्हावं, म्हणून शेठ दर पावलाला काठी जमिनीवर आपटत. मुंग्यांना कळत होतं की नाही ठाऊक नाही. सापांना नक्की कळत होतं.

"शेठ, तुमच्या काठीनं साप पळत असतील," असं मी एकदा भीतभीतच म्हटलं.

"पळू देत. ज्याला यायचंय तो येईल."

अशा माणसापुढं तर्कशास्त्र हात टेकतं, आणि मी तर मराठीचा माणूस.

काठी, पांढरी छत्री, पोटरीपर्यंतचे काळे गमबूट आणि गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीचं मला कोडं होतं. साप समोर यावा ही अट असताना दूरचं बघायचं कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "तो निघाला असेल तर कळावं." ते कुणाही पाहुण्याची वाट पाहावी तसे सापाची वाट पाहत. रविवारी त्यांना माझ्या मोटारसायकलवर बसवून कुठल्या तरी बांधावर सोडणं हे माझं काम होतं. भाभी डब्यात खाकरे द्यायच्या आणि मला बाजूला घेऊन म्हणायच्या, "सर, भेटला तर यांना जास्त जवळ जाऊ देऊ नका." वर्षं गेली तसं "भेटला तर" हे त्या फार आशेनं म्हणेनाशा झाल्या.

शेठनी ओळखीच्या शेतकऱ्यांना एक सवलत दिली होती. साप दाखवायचा नाही, पण कुठल्या शिवारात दिसतात एवढं फोन करून सांगायला हरकत नाही. त्यांच्या दृष्टीनं ही दलाली नव्हती, हवामानाचा अंदाज होता. आता आमच्याकडे रानात कुणी सापाला साप म्हणत नाही. नाव घेतलं की येतो, अशी समजूत. जनावर म्हणतात. पण गाईम्हशीही जनावरंच. आणि गेल्या काही वर्षांत उसात बिबट्यांनी बिऱ्हाडं थाटल्यापासून तेही जनावरच झालेत. एका शब्दावर तीन भाडेकरू. ऐकणाऱ्यानं आवाजावरून ओळखायचं, आणि शेठना प्रत्येक आवाजात एकच जनावर ऐकू यायचं.

एकदा बोरी बुद्रुकहून फोन आला, "रातधरनं जनावर अडलंय गोठ्यात." अडलेला साप म्हणजे निवांत भेट, म्हणून शेठ घाईनं निघाले. म्हैस होती. मुळात त्या माणसाला गुरांच्या डॉक्टरला फोन लावायचा होता, तो चुकून शेठना लागला. पण आलेच आहेत म्हणून घरच्यांनी त्यांच्या हातात दोर दिला. रेडकू झालं, शेठच्या धोतरासकट सगळं भिजलं, आणि त्या घरानं त्यांना खरवस पाठवला. तो मी खाल्ला.

पण त्यांची ख्याती झाली ती निमगाव सावामुळं. ऊसतोड चालू होती. फोन आला, "शेठ, उसात जनावर हाय. तोडकऱ्यांनी कोयतं टाकल्यात." आम्ही पोचलो तेव्हा सगळी टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून उभी होती. सापासाठी माणसं इतक्या उंचावर जात नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. शेठच्या आलं नाही. ते छत्री मिटून, काठी आपटत, उसाच्या सरीत शिरले. मी बांधावरच थांबलो. मला साक्षीदार व्हायची तयारी होती, पुरावा व्हायची नव्हती.

ट्रॉलीवरून लोक ओरडत होते, "शेठ, म्हागं फिरा! ओ शेठ!" आतून फक्त काठीचा आवाज येत होता. मग तो थांबला. मग बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला आणि शेठ बाहेर आले. चेहऱ्यावर निराशा.

"पिल्लं आहेत," ते म्हणाले. "दोन. मांजरासारखी."

"आन् वाघीन?" शेतकऱ्यानं विचारलं.

"आहे ना. बसली आहे."

"मंग?"

"मग काय? तिचं-माझं काहीच नाही." आणि त्याच्याकडे वळून, त्यांच्यापुरत्या रागानं, "तुम्ही जनावर म्हणालात."

"मंग जनावरच हाय की शेठ! वाघाला काय पावणं म्हनू?"

"साप नव्हता तर नव्हता म्हणायचं."

"रानात हुबा राहून त्याचं नाव घ्यू? न्हाई बा. वाघ परवडला."

पुढं वनखात्याची माणसं आली, वाघीण पिल्लं उचलून आपली आपण निघून गेली, तो भाग अशा वेळी नेहमी होतो तसाच झाला. पण शेठ बिबट्यापुढं छत्री घेऊन उभे राहिले ही बातमी त्यांच्या आधी कळंबला पोचली. गणपतीत मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. फ्लेक्सवर शेठचा फोटो आणि मागं डरकाळी फोडणारा पट्ट्यांचा वाघ. असा वाघ आमच्या तालुक्यात कधीच नव्हता, पण छापणाऱ्याकडे तोच होता. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात शेठना "आंबेगाव-जुन्नरचा ढाण्या वाघ" केलं, नंतर सह्याद्री आणला, नंतर स्वतःचं कार्य आणलं. शाल आली, श्रीफळ आलं. शेठना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकसमोर हात जोडून म्हणाले, "मला खरं तर सापाला भेटायचं होतं. चुकून झालं." टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका विनयी माणूस लोकांनी पाहिला नव्हता.

मग गुडघे गेले. आधी उजवा, मागोमाग डावा. पुण्यातल्या मुलानं दुकान पुतण्याकडे सोपवायचं ठरवलं आणि आईवडिलांसाठी आपल्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर, एक फ्लॅट घेतला. अक्षय तृतीयेला गृहप्रवेश. शेठ कशालाच नाही म्हणाले नाहीत. फक्त एका दुपारी जिन्याखालून मला हाक मारून म्हणाले, "सर, सातव्या मजल्यावर तो येईल का हो?"

मी म्हटलं, "अवघड आहे."

"हो ना. लिफ्ट त्याला कशी जमणार." हे ते गंभीरपणे म्हणाले.

त्या संध्याकाळी भाभी पहिल्यांदाच जिना चढून वर आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "सर, हे मनात घेऊन गेले तर तिकडं झोपायचे नाहीत. इथंही नीट झोपत नाहीत. संवत्सरी आली की महिनाभर आधीपासून सुरू. तुम्ही काहीतरी करा."

"पण भाभी, दाखवलेला चालत नाही."

"दाखवू नका," त्या म्हणाल्या. "ठेवा."

बोरीचा बबन जेसीबी चालवायचा आणि आसपास कुठं साप निघाला की तो पकडून रानात सोडायचा. त्याच्या घरचीच म्हैस अडली होती, त्यामुळं शेठबद्दल त्याला आपुलकी. कांद्याच्या चाळीत धामण सापडली होती, ती सोडायचीच होती. मी सगळं समजावलं. शेठ पुढं चालतील. ते आपले आपण बघतील अशा बेतानं धामण सोडायची. आणि काहीही झालं तरी तोंडातून 'तो बघा' निघता कामा नये.

बबन डोकं खाजवत म्हणाला, "सर, लई साप सोडलं, पर मुलगी दाखवावी तसं पयल्यांदाच."

"दाखवायचीच नाहीये बबन."

"त्येच म्हन्तो. दाखवायची न्हाई, पर दिसली पायजे. ह्ये म्हंजे आमच्या सोयरिकीवानीच झालं."

सामान न्यायला टेम्पो यायचा त्याच सकाळी कुकडी नदीच्या काठानं आम्ही निघालो. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला बबनचं कांद्याचं वावर. नळ्या गोळा करतो असं सांगून बबन मागं राहिला. पोतं त्यानं आधीच एका झुडपामागं ठेवलं होतं. शेठ काठी आपटत पुढं गेले. गुडघ्यांमुळं आपटणं मंद झालं होतं, तेवढीच एक गोष्ट आमच्या बाजूनं होती. उतारावर एक जुनं वारूळ होतं. त्याच्यासमोर ते थांबले. दुर्बीण काढून माझ्या हातात दिली.

"सर, आज एक करतो," ते म्हणाले. "तो नाही तर नाही. जागा तरी त्याची आहे."

खाली बसून त्यांनी एकेक करून दोन्ही गमबूट काढले, माझ्या खांद्याला धरून उठले आणि अनवाणी उभे राहिले. हात जोडले. मग डोळे मिटले.

नेमक्या त्याच वेळी मागं बबननं पोत्याचं तोंड सोडलं. मी हात हलवून थांब म्हणेपर्यंत धामण बाहेर होती. भलीमोठी, पुरुषभर लांब. साप माणसापासून दूर पळतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ही थेट वारुळाकडे निघाली. वारूळ आणि तिच्यामध्ये शेठ उभे होते.

"त्या दिवशी बॅटरी माझ्या हातात होती," शेठ वारुळाला सांगत होते. आवाज दुकानात बोलतात तसाच, आदबीचा. "सगळे ओरडत होते, धर, नीट धर. मी नीट धरली. विझवली असती तर तुमच्या माणसाला वाट मिळाली असती. मला विझवता येत होती. मी लहान होतो असं घरचे म्हणतात, पण बटण कुठं आहे ते मला ठाऊक होतं."

धामण त्यांच्या पायांशी आली. क्षणभर थांबली. मी बबनकडे पाहिलं, बबननं माझ्याकडे. आम्ही दोघं धडधाकट, जिभा शाबूत असलेली माणसं, आणि आम्हाला दोन शब्द उच्चारायची बंदी होती. मग ती त्यांच्या उजव्या पावलावरून चढली, डावीकडून उतरली, आणि सगळी लांबी सावकाश ओढत वारुळाच्या भोकात जाऊ लागली.

"बबनराव," शेठ डोळे न उघडता म्हणाले, "नळी जरा दमानं ओढा. पायावरून जातेय."

"व्हय शेठ," बबन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दोरीला साप समजणाऱ्या माणसाचा वेदान्तातला दृष्टांत मी वर्षानुवर्षं वर्गात रंगवून सांगत आलोय. हे उलट बाजूनं घडेल अशी सोय त्यात नाही.

"मिच्छामि दुक्कडम्," शेठ म्हणाले आणि वाकले. शेपटीचं टोक भोकात दिसेनासं झालं तेव्हा त्यांचं डोकं वारुळापासून हातभर अंतरावर असेल. मग त्यांनी डोळे उघडले. समोर वारूळ होतं. सगळीकडे नीट बघून घेतलं. "नाही आला," ते म्हणाले, आणि गमबुटांसाठी खाली बसले.

परतताना बबन मला कानात म्हणाला, "सर, सांगू का? सांगून टाकू का?" मी नकाराची मान हलवली. सांगितलं असतं तर तो दाखवलेला झाला असता.

घरी पोचलो तेव्हा दुकानासमोर टेम्पो उभा होता आणि भाभी गाद्यांवर बसून होत्या. शेठ हातपाय धुवायला आत गेले. भाभींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी जे घडलं ते सगळं सांगितलं: डोळे मिटलेले होते, साप पायावर होता, आणि ते माफी मागत होते. बॅटरीचंही सांगितलं. ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी पदरानं डोळे टिपले. आत नळाचा आवाज बंद झाला तशी घाईनं, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यानं ऐकलं ना सर?"

"शब्द न् शब्द," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. टेम्पो दुपारी गेला.

सापाला कान नसतात.